घरांतील यंत्रें : जुन्या मोटारीचा क्लच

अहिल्यानगराहून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगराहून, एका वाचक-गृहस्थांचें सविस्तर पत्र आम्हांकडे आलें आहे. घर एकत्र, माणसें तेरा-चौदा. आणि वडिलांनीं १९८७ सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी अद्याप अंगणांत आहे. नुसती उभी नव्हे, चालती आहे. नवरात्रांत मोहटादेवीस जावयाचें तें याच गाडीनें, असा घरचा प्रघात. अलीकडे पाथर्डीच्या वाटेवर करंजीच्या घाटांत इंजिन ओरडतें, पण गाडी त्या मानानें पुढें सरकत नाहीं, आणि आंत जळका वास येतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या पुतण्यानें क्लच गेल्याचें निदान केलें व उपायहि सुचविला कीं, नेहमींचा क्लच न घालतां शर्यतीच्या गाड्यांत असतो तसा जबर 'परफॉर्मन्स क्लच' घालावा, म्हणजे पुन्हां तिकडे पाहणें नको. पत्रलेखकांचे धाकटे बंधु म्हणतात, गाडीच भंगारांत द्यावी. मुलांना शाळेंत पोंचविण्यासाठीं गाडी रोज चालवितात त्या घरच्या धाकट्या सूनबाई. त्यांचें मत कोणी विचारल्याचें मात्र पत्रावरून दिसत नाहीं.

पुतण्याची हौस आम्हांस समजते. तरुण मुलानें आजोबांच्या गाडीसाठीं चार दिवस डोकें खपवावें, ही गोष्ट आजच्या काळीं सामान्य नव्हे. परंतु 'जबर तें चांगलें' हा न्याय क्लचास लागू पडत नाहीं. तो कां पडत नाहीं, हें पाहण्यास फारसें गणित लागत नाहीं. जें लागतें तें येथें देतों.

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधील सोडतां-जोडतां येणारा सांधा. इंजिनाच्या मागें जड फ्लायव्हील फिरत असतें. त्यावर दोन्ही बाजूंस अस्तर लाविलेली पातळ तबकडी, म्हणजे गराजवाल्यांची क्लच-प्लेट, टेकते. आणि तिला मागून प्रेशर-प्लेट स्प्रिंगांच्या जोरानें दाबून धरते. पेडलवर पाय दिला कीं दाब सुटतो व तबकडी मोकळी होते. पेडल हळूहळू सोडतांना तबकडी क्षणभर घसरत घसरत फ्लायव्हीलचा वेग घेते. त्या घसरण्यांतच क्लचाचें सारें कौशल्य आहे आणि सारी झीजहि तेथेंच आहे. जो मुळींच घसरत नाहीं तो क्लच नव्हे, खिळा होय.

आतां ताकदीची गोष्ट. क्लच किती पीळ पेलील हें चार गोष्टींवर ठरतें : स्प्रिंगांचा दाब, अस्तराचा घर्षणांक, अस्तराची मध्य-त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. या चौघांचा गुणाकार केला कीं उत्तर मिळतें. समजा, दाब ३०० किलो, घर्षणांक ०.३, मध्य-त्रिज्या ७ सेंटिमीटर, आणि एका तबकडीच्या बाजू अर्थात् दोन. ३०० × ०.३ × ०.०७ × २ म्हणजे १२.६ किलोग्रॅम-मीटर. पद्मिनीचें १०८९ घनसेंटिमीटरांचें पेट्रोल-इंजिन धडधाकट असतां सुमारें ७ किलोग्रॅम-मीटर पीळ देतें. म्हणजे आम्हीं उदाहरणादाखल घेतलेला हा साधा क्लचहि इंजिनाच्या पिळाला पावणेदोनपटींहून अधिक पुरून उरतो. कारखानदार अशी शिल्लक मुद्दाम ठेवीत असतात, कारण अस्तर तापतें, झिजतें आणि स्प्रिंगाहि म्हाताऱ्या होतात. कोऱ्या साध्या क्लचास जें इंजिन घसरवूं शकत नाहीं, त्याच्यामागें तिप्पट ताकदीचा क्लच बसविल्यानें गाडी तसूभरहि जोरानें पळणार नाहीं. क्लच शक्ति उत्पन्न करीत नाहीं, ती पोंचवितो.

मग या गाडीचा क्लच घाटांत घसरला कां? याचा शोध खरेदीपूर्वीं व्हावयास हवा. पहिली शंका केबलची. पेडलला आरंभीं थोडी मोकळी चाल असावी लागते. किती, तें गाडीबरोबर आलेल्या पुस्तकांत दिलेलें असतें. अस्तर झिजत जातें तसतशी ही चाल कमी होते, आणि ती नाहींशी झाली कीं पेडलवर पाय नसतांहि क्लच अर्धवट दाबलेला राहतो. हा दोष पाना घेऊन थोड्या वेळांत दूर होतो, खर्च जवळ जवळ कांहींच नाहीं. दुसरी शंका तेलाची. जुन्या इंजिनाचें मागील सील किंवा गिअरबॉक्सचें पुढचें सील गळूं लागलें कीं तेल अस्तरावर येतें. मग अस्तर कितीहि भारी असो, तें घसरणारच. येथें महागडा क्लच घालून सील तसेंच ठेविलें, तर तो क्लचहि तेल पिऊन बसेल आणि पैशांचा चुराडा होईल. खरोखरीची झीज ही तिसरी शक्यता. चाळीस वर्षांच्या गाडींत ती सर्वांत संभवनीय असली तरी पहिल्या दोन पाहिल्यावांचून तिच्यावर शिक्का मारूं नये. घसरण ओळखण्याची रीत सोपी आहे : मोकळ्या सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्यें बेताच्या वेगानें जात असतां एकदम रेस द्यावी. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग जागच्या जागीं राहिला, तर क्लच घसरतो आहे.

पुतण्याच्या क्लचांत वेगळें काय असतें तेंहि पाहूं. एक तर स्प्रिंगा कडक असतात, किंवा अस्तर निराळें असतें, किंवा दोन्ही. नेहमींचें अस्तर तंतु व राळ यांच्या मिश्रणाचें. तें मऊपणें पकडतें, पण फार तापलें कीं पकड सोडतें. केव्हलार-तंतूंचें अस्तर पुष्कळ टिकतें. मात्र नवें असतां त्याला बसण्यास बराच वेळ द्यावा लागतो, आणि एकदां अति तापून गुळगुळीत झालें तर पूर्वस्थितीवर येणें कठीण. तिसरें, तांब्या-लोखंडाची भुकटी व सिरॅमिक एकत्र भाजून केलेलें, पाकळ्यापाकळ्यांचें. तें तापास दाद देत नाहीं, म्हणूनच शर्यतींत आणि जड ट्रॅक्टरांत चालतें. पण तें एकदम पकडतें. अर्धवट घसरूं देण्याची त्याची तयारीच नसते, आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभागहि तें लवकर खातें.

अस्तरांचा हा इतिहास मोठा मनोरंजक आहे. नगर हें तसें मोटारींचें जाणतें गांव : चिलखती दलाचें केंद्र येथें, वाहननगरची संरक्षण-संशोधन संस्था येथें, आणि १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालयहि येथेंच. त्या संग्रहालयांत रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार आहे. तिच्या काळच्या अनेक मोटारींत शंकूच्या आकाराचा, चामड्याचें अस्तर लाविलेला क्लच असे. चामडें कोरडें पडलें कीं गाडी हिसका देई, तेलकट झालें कीं घसरे. त्यामुळें चालक कधीं त्यास तेल चोपडीत, तर कधीं माती भुरभुरीत. पुढें चामड्याच्या जागीं अ‍ॅस्बेस्टॉस आलें आणि दीर्घकाळ राहिलें. त्याच्या धुळीनें फुप्फुसांचे असाध्य रोग होतात हें आतां निर्विवाद आहे. पद्मिनीच्या वयाच्या गाडींत जुनें अस्तर अ‍ॅस्बेस्टॉसचें असण्याचा संभव धरूनच चालावें. तेव्हां गिअरबॉक्स उतरल्यावर आंतील काळी धूळ हवेच्या नळीनें फुंकूं देऊं नये. ओल्या फडक्यानें पुसून तें फडकें बांधून टाकावें, आणि लहान मुलांना त्या वेळीं जवळ उभें करूं नये. नवें अस्तर घेतांना तें अ‍ॅस्बेस्टॉसरहित असल्याचें वेष्टनावर पाहून घ्यावें.

जबर क्लचाचें मोल केवळ दुकानांत द्यावें लागत नाहीं. स्प्रिंगा दीडपट कडक केल्या कीं पायालाहि जवळ जवळ दीडपट जोर लागतो. तोच जोर केबलवर, तिच्या टोकाच्या कांट्यावर आणि रिलीज-बेअरिंगवर येतो. शिवाय पेडल दाबलेलें असेपर्यंत इंजिनाच्या मुख्य दांड्याला तो पुढें रेटीत राहतो, आणि तो रेटा सोसणारें बेअरिंग जुन्या इंजिनांत आधींच झिजलेलें असतें. मागच्या बाजूस आणखी निराळी कथा. पद्मिनी मागच्या चाकांनीं चालणारी गाडी. क्लचानें एकदम पकड घेतली कीं तो हिसका गिअरांचे दांते, लांब दांड्याचे सांधे आणि मागील क्राउन-पिनियन यांस बसतो. साखळींतील अशक्त कडी आजवर क्लच होती. ती बळकट केली कीं अशक्तपणा पुढच्या कडीस जातो. आणि क्लच-प्लेट बाजारांत मिळते, तसे पद्मिनीच्या गिअरबॉक्सचे दांते मिळतील याची हमी कोणी द्यावी? कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेल्या या गाडीचें उत्पादन चालू शतकाच्या आरंभींच थांबलें, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत तिची शेवटची टॅक्सीहि मुंबईच्या रस्त्यांवरून गेली.

घाटाचा प्रश्न राहिला. तेथें क्लच जळतो तो बहुधा अशक्त असल्यामुळें नव्हे, चालविण्याच्या रीतीमुळें. थांबलेली गाडी हलवितांना क्लचांत जी उष्णता होते ती इंजिनाच्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर क्लच सोडला त्या जागीं ३००० फेऱ्यांवर सोडला, तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट. पुढें ऊंसाची ट्रॉली रेंगाळत आहे आणि आपण 'हाफ क्लच'वर गाडी तोलून धरिली आहे, ही तर अस्तराची प्रत्यक्ष होळी. चढावर थांबलों कीं हातब्रेक ओढावा, गाडी सुटी करावी, आणि निघतांना पहिल्याच गिअरमध्यें, बेताच्या रेसवर निघावें. पाकळ्यांच्या अस्तरानें हें शिक्षण चुकत नाहीं. उलट त्या क्लचावर हळू निघणेंच कठीण असल्यामुळें चढावर गाडी बंद पडण्याचा किंवा मागें घरंगळण्याचा धोका वाढतो, आणि मागें दुसरी गाडी असतेच.

म्हणून आम्ही सूनबाईंचा उल्लेख वर मुद्दाम केला. एकत्र कुटुंबाची गाडी एकाच्या पायाची नसते. आज पुतण्या चालवील, उद्यां गुडघेदुखीचे काका, परवां शाळेच्या वेळीं सूनबाई. आणि दिल्ली-दरवाजाच्या गर्दींत घटकाभरांत पन्नास वेळां क्लच दाबावा लागला, तर शर्यतीचें पेडल कोणास परवडणार? जी गाडी घरांतील तिघांपैकीं दोघांनीं भीतीनें सोडून दिली, ती वर्षभरांत अंगणांत गंजूं लागते. मग धाकट्या बंधूंचें म्हणणें आपोआप खरें होतें.

जबर क्लच कोठेंच नको, असें आमचें म्हणणें नाहीं. जुन्या जीपमध्यें मोठें डिझेल-इंजिन बसविलें असेल, जिप्सी डोंगरी शर्यतींत उतरवावयाची असेल, किंवा इंजिनाचा पीळच वाढविला असेल, तर वरील गुणाकार नव्यानें करावा आणि शिल्लक राहील असा क्लच घ्यावा. तरीहि आधीं स्प्रिंगा थोड्या कडक व अस्तर नेहमींचेंच, आणि पाकळ्यांचें अस्तर अगदीं शेवटीं. मात्र इंजिन बदलणें ही कायद्याचीहि बाब आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत फेरफार करण्यास मर्यादा घालतें, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें त्या कलमाचा अर्थ कडकपणेंच लाविला. नोंदणीपुस्तकांत इंजिनाचा क्रमांक असतो. क्लचाचा नसतो, म्हणून क्लच बदलण्यास परवानगीची यातायात नाहीं. पण पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, हें पत्रलेखकांस ठाऊक असेलच. त्या तपासणीस गाडी हिसके देत नेऊं नये.

तेव्हां आमचा सल्ला : मूळ मापाचा, नामांकित कंपनीचा साधा क्लच. तोहि पूर्ण संच घ्यावा : प्रेशर-प्लेट, क्लच-प्लेट आणि रिलीज-बेअरिंग. गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी मोठी असते; ती एकदां दिल्यावर बेअरिंगचे थोडे पैसे वांचविण्यांत अर्थ नाहीं. जुन्याच प्लेटवर नवें अस्तर रिव्हेट मारून बसविणारे कारागीर आपल्याकडे आहेत आणि त्यांतले कांहीं फार चांगले आहेत. नवा संच मिळेनासा झाला तर त्यांच्याकडे अवश्य जावें, पण अस्तर कोणतें बसविलें हें विचारून, आणि प्लेटच्या मध्यभागींच्या लहान स्प्रिंगा सैल झाल्या नाहींत ना, हें हातानें हलवून पाहून. त्या स्प्रिंगाच हिसका गिळीत असतात. शर्यतीच्या कित्येक प्लेटींत त्या मुळींच नसतात. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर तें लेथवर साफ करून घ्यावें, आणि दोन्ही सीलें त्याच वेळीं बदलावीं. केबलहि नवी घ्यावी. जुनी म्हणून तीच ठेवण्याचा आग्रह आम्हीं पुष्कळ घरीं पाहिला आहे.

पुतण्यासाठींहि काम आहे. गाडी उतरेल त्या दिवशीं त्यानें गराजांत उभें राहून तेल कोणत्या सीलांतून येत होतें तें पाहावें, जुन्या अस्तराची जाडी मोजावी आणि दोन्ही वहींत लिहून ठेवावीं. नवा क्लच बसल्यावर पहिले चारपांचशें किलोमीटर गाडी शहरांत व सपाटीवरच चालवावी, म्हणजे अस्तर फ्लायव्हीलवर नीट बसतें, घाट त्यानंतर. त्या मुदतीनंतर पेडलची मोकळी चाल एकदां पुन्हां मोजावी, कारण नवें अस्तर बसलें कीं ती थोडी बदललेली आढळते.