उष्टे हत्यार

दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्याला ओठ लावू नये, हे आपल्या घरांतून लहान मुलासही ठाऊक असते. परंतु तोच समाज दंतवैद्याच्या खुर्चीत बसला, की समोरच्या तबकातील आरसा आणि पकड यापूर्वी कोणाच्या मुखातून आली व मधल्या वेळात तिचे काय झाले, हे विचारीत नाही. विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अवमान, अशी समजूत रूढ आहे. ती घातक आहे.

बेळगाव-निपाणी भागाच्या संदर्भात हा प्रश्न अधिकच निकडीचा ठरतो. बेळगावात दंतवैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि चोर्ला घाट चढून गोव्यातील अनेक रुग्णही उपचारांसाठी त्या शहराची वाट धरतात. तिकडे निपाणी ही तंबाखूची पेठ. १९८१ च्या शेतकरी आंदोलनाने तेथील तंबाखूच्या भावाची चर्चा देशभर झाली. त्या तंबाखूपायी हिरड्यांनी मोजलेल्या किमतीची मात्र कोणी चौकशी केली नाही. मशेरी लावल्याने दात बळकट होतात, हा समज स्त्रियांत खोल रुजला आहे. वस्तुतः निकोटिनमुळे हिरड्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात. रोगट हिरडीतून रक्त यावे, तेच कमी येते. धोक्याची खूण झाकली जाते आणि रोग आतल्या आत हाडापर्यंत पोहोचतो. शिवाय तंबाखूने तोंडातील प्रतिकारशक्ती क्षीण होते व जखमही लवकर भरत नाही. अशा रुग्णावर अखेर दात उपटून घेण्याची पाळी येते, तेव्हा त्या उघड्या जखमेत जाणारे हत्यार निर्जंतुक असणे किती आवश्यक, हे सांगावयास नको.

ब प्रकारच्या काविळीचे विषाणू वाळलेल्या रक्ताच्या अदृश्य डागात किमान सात दिवस जिवंत राहू शकतात. त्यांचा वाहक असलेला मनुष्य वरकरणी धडधाकट दिसतो. पुष्कळदा त्याला स्वतःलाही कल्पना नसते. म्हणूनच प्रत्येक रुग्णाचे रक्त व लाळ संसर्गजन्य मानूनच काम करावे, हे तत्त्व १९८० नंतरच्या दशकात जगभर मान्यता पावले. आपले सोवळे-ओवळे माणसाची जात पाहत आले. येथे माणूस पाहावयाचाच नाही, हत्यार पाहावयाचे.

ते पाण्यात उकळून भागत नाही. काही जंतूंची बीजरूपे उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. त्यांस १२१ अंशांची, दाबाखालची वाफ पंधरा-वीस मिनिटे तरी लागते. स्वयंपाकघरातील कुकरचेच हे तत्त्व, केवळ काटेकोर मोजमापाने वापरलेले. दात कोरण्याचे यंत्रही त्यातून सुटता कामा नये, कारण थांबताना ते थोडी लाळ आत ओढून घेऊ शकते. वाफवलेली हत्यारे बंद पाकिटात असतात व पाकिटावरची खूण उष्णतेने रंग बदलते. ते पाकीट आपल्यासमोर फोडावयास सांगण्यात उद्धटपणा कसला?

हयगयीचे परिणाम केवढे भीषण असू शकतात, हे तामिळनाडूतील वाणियंबाडीने दाखविले. तेथील एका दवाखान्यात २०२३ साली दातांचे उपचार घेतलेल्या आठ जणांचा मेंदूच्या जंतुसंसर्गाने अंत झाला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने बोट ठेवले ते पुन्हापुन्हा वापरलेल्या सलाईनच्या बाटलीवर.

रुग्णांबरोबर आणखी एका व्यक्तीचा विचार झाला पाहिजे. दवाखान्यात रक्ताने माखलेली हत्यारे धुते ती बहुधा तुटपुंज्या पगारावरची एखादी मुलगी. सुई टोचण्याचा धोका तिलाही असतो. ब काविळीवर लस आहे, परंतु बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात ती देशभर पोहोचली २०११ च्या सुमारास. आज नोकरीच्या वयात असलेल्या बहुतेकांना ती बालपणी मिळालेली नाही. देवीची लस जेथे तयार होत असे, ते व्हॅक्सिन डेपो टिळकवाडीत आजही बेळगावकरांच्या फिरण्याची जागा आहे. त्या शहरातील किती दवाखान्यांनी आपल्या मदतनीस मुलींना या लसीचे तीन डोस स्वखर्चाने दिले आहेत? आरोग्य खात्याने ही नोंद मागवावी, आणि गोव्याच्या खात्यानेही आपल्याकडे तीच चौकशी करावी.