नातवांना सांगावी अशी बहिणाबाई

मला दोन नातू आहेत, नात नाही. गावातल्या बायका म्हणतात, भाग्याची आहेस. त्यांना काय म्हणायचं असतं ते मला कळतं आणि ते मला पटत नाही. नात असती तर तिला काय काय सांगितलं असतं, हे माझ्या मनात ठरलेलं होतं. ते या दोघांना सांगायचं की नाही, याचा विचार मी बरेच दिवस केला. आपल्याकडे मुलींना आज्या खूप काही सांगत आल्या. मुलांच्या वाट्याला मात्र राजे, राक्षस आणि लढाया. बाईचा जन्म कसा जातो हे बाईच्याच तोंडून पोरांनी ऐकावं, अशी वेळ घरात एकच असते, आणि ती आजीपाशी असते. शाळेत ते निघत नाही, बाप बोलत नाही, आई दमलेली असते.

यंदा घटस्थापनेच्या संध्याकाळी लेक आणि सून मक्याच्या सोंगणीमुळे शेतातच अडकले. घरी आम्ही तिघं. थोरला तिसरीत, धाकटा अंगणवाडीत. दोघांना दूध-भाकर कुस्करून दिली, माझा उपास म्हणून मी भगर खाल्ली, आणि आम्ही घटापाशी बसलो. काळ्या मातीत पेरलेला गहू कधी उगवणार, हे धाकट्यानं मला इतक्यांदा विचारलं की शेवटी त्याला गोष्टीकडे वळवावं लागलं.

त्याची गोष्ट ठरलेली आहे. लेकीच्या गावाहून भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी. ती मलाही फार आवडते. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या गोष्टींत ही एक अशी, जिच्यात सगळा पराक्रम म्हातारीचा. तिला वाघाच्या तोंडातून सोडवायला कुणी राजपुत्र येत नाही. ती वाघाला म्हणते, थांब, लेकीकडे जाऊन जरा अंग धरून येते, मग खा. पोरं हसतात, मीही हसते, पण वाघासमोर उभं राहून असं बोलायला काय लागतं, ते वय झाल्यावर जास्त समजतं.

थोरल्याला आता असल्या गोष्टी पुरत नाहीत. “आजी, खरी सांग. शिवाजी महाराजांची सांग.”

म्हटलं, “महाराजांच्या वेळचीच सांगते. पण आपल्या गावातली.”

आपल्या गावातली म्हटल्यावर त्याचे कान टवकारले. महाराज जन्मले १६३० मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी, १६२८ मध्ये, इथं देवगावात, कुलकर्ण्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचं नाव बहिणा. भोसल्यांचं वेरूळही इथून काही लांब नाही. “म्हणजे ती महाराजांपेक्षा मोठी?” थोरल्यानं बोटांवर हिशोब केला आणि तिथून पुढं ती गोष्ट त्याची झाली.

मध्येच तो म्हणाला, “बहिणाबाई तर आमच्या शाळेत शिकवतात.” त्याला म्हणायच्या होत्या बहिणाबाई चौधरी, जळगावकडच्या. त्यांच्या कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आल्या, आता तिकडच्या विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. त्याही मोठ्याच. पण आपली बहिणा त्यांच्याही अडीचशे वर्षं आधीची, तुकोबांची शिष्या. गावात मोठी माणसंसुद्धा दोघींची गल्लत करतात, याचं मला वाईट वाटतं. जस्टिन अॅबट नावाच्या अमेरिकन पाद्र्यानं १९२९ मध्ये तिचं आत्मनिवेदन इंग्रजीत नेलं, आणि ती जिथं रांगली त्या गावातल्या पोरांना तिच्याविषयी दोन वाक्यं सांगता येत नाहीत.

तिचं लग्न झालं तेव्हा तिचे दुधाचे दात पडायचे होते. नवरा शिऊरच्या पाठकांचा, तीस वर्षांचा, बिजवर. थोरला खो खो हसला. त्याला ते भातुकलीतलं लग्न वाटलं. धाकट्याला पुढं करून म्हटलं, “एवढी होती.” तेव्हा हसू थांबलं. मग हळूच विचारलं, “आता नाही ना करत असं?” आता इतक्या लहान वयात नाही करत, पण खोटं कसं बोलू? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी साधारण २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी घरांत मुलीचं लग्न उरकून टाकायची घाई आजही दिसते. त्याला आकडे सांगितले नाहीत. एवढंच म्हटलं, “अजून करतात रे, चोरून.”

पुढं भाऊबंदकीच्या भांडणात तिचे वडील अडकले. जावयानं त्यांना सोडवलं आणि सगळ्यांनी रातोरात देवगाव सोडलं. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, मग कोल्हापूर. तिथं तिच्या नवऱ्याला एक गाय दान मिळाली. गायीचं वासरू बहिणेला इतकं लागलं की ती जाईल तिथं मागोमाग जायचं, जयरामस्वामींच्या कीर्तनालासुद्धा. लोक बोलू लागले. नवऱ्याच्या कानावर गेलं आणि त्यानं तिला मारलं, बांधून घातलं. वासरानं चारापाणी सोडलं आणि ते मेलं.

इथं मी घुटमळले. धाकट्याचे डोळे भरले होते. वासरू जगलं, असं म्हणायला माझं काय जात होतं? पण तिनं स्वतः जे भोगलं आणि स्वतः सांगून ठेवलं, त्यावर गोड पांघरूण घालायचा हक्क मला कुणी दिला? त्या काळी मारहाण सोसून किती बाया गेल्या असतील. स्वतःच्या तोंडानं सगळं आयुष्य मांडून ठेवणारी ही एक. मी धाकट्याला मांडीवर घेतलं आणि वासरू मरू दिलं.

थोरला गप्प होता. मग म्हणाला, “तिचा नवरा वाईट होता का?”

या प्रश्नासाठीच नातवांना ही गोष्ट सांगायची, असं मला आता वाटतं. नातीनं कदाचित विचारलं असतं, ती पळून का नाही गेली? हा विचारत होता नवऱ्याविषयी, कारण उद्या तो कुणाचा तरी नवरा होणार. मी म्हटलं, वेद शिकलेला माणूस होता. सासऱ्याला संकटातून सोडवणाराही तोच, आणि बायकोला बांधून मारणाराही तोच. थोरल्याला हे पचेना. त्याच्या गोष्टींत राक्षस पहिल्यापासून राक्षसच असतो. “म्हणजे चांगली माणसंपण मारतात?” “मारतात. म्हणून चांगल्यांनीच जास्त सांभाळायचं असतं.”

“मग त्यानं माफी मागितली का?”

आपल्याकडे कीर्तनात बहिणाबाई रंगवताना पतिव्रतेचा धर्म ठासून सांगतात. तिनं त्यावर लिहिलंय, हे खरं आहे. पण अंगावरचे वळही तिनंच लिहिले आहेत, आणि ते गाळून उरलेली बहिणा मला मान्य नाही. नातवाला मी सांगितलं ते असं: तिला स्वप्नात तुकोबा दिसले, तिनं त्यांना गुरू मानलं. तुकोबांना लोक शूद्र म्हणत, म्हणून नवरा आणखी पेटला आणि घर सोडून निघाला. तेवढ्यात आजारी पडला. तिनं रात्रंदिवस त्याची सेवा केली. त्या अंथरुणावर तो बदलला, आणि तिच्याबरोबर देहूला गेला.

“पण वासरू तर मेलंच ना,” थोरला म्हणाला. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बहिणाबाई १७०० मध्ये गेली, तीही अशीच आश्विन शुद्ध प्रतिपदेला, घट बसतात त्या दिवशी. जाण्याआधी मुलाला, विठोबाला, बोलावून घेतलं आणि आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली. हा तेरावा. “ती आधी वाघ होती?” धाकट्यानं विचारलं. वाघ नव्हती म्हटल्यावर त्याचा रस संपला आणि तो तिथंच लवंडला. पण मला तो प्रसंग सोडवत नाही. मरणाच्या दारातली आई लेकाला जवळ बसवते आणि हाती काही देत नाही, आपण कोण होतो ते सांगते.

अंधार पडल्यावर लेक-सून आले. सून हातपाय धूत होती तोवर थोरल्यानं मोरीच्या दाराशी उभं राहून तिला सगळं सांगून टाकलं, महाराजांपेक्षा दोन वर्षांनी मोठी, इथपासून. सून याच तालुक्यातली. ती ओल्या हातानं तशीच उभी राहिली. म्हणाली, “आत्या, आम्हाला नुसतं नाव माहीत होतं. हे कुणी सांगितलंच नाही.” लेक जेवता जेवता ऐकत होता, बोलला काही नाही. दसरा झाल्यावर शिऊरला तिच्या समाधीला सगळ्यांनी जायचं ठरलं. देहूत मंबाजीनं तिला कसा त्रास दिला, ते मी पोरांना दुसऱ्या दिवशी सांगणार होते. सून म्हणाली, ते मात्र मी शेतातून आल्याशिवाय सुरू करू नका.