कार्ड घ्या, नाहीतर विसरा

ग्राफिक्स कार्ड बदलायचा विषय निघाला की पहिला सल्ला ठरलेला: ‘थांब जरा, पुढचं येतंय.’ देणारा कधी कॉलेजातला सीनियर असतो, कधी कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, कधी अमेरिकेतून फोनवर बोलणारा आतेभाऊ. सूर तिघांचाही शहाणपणाचाच. थांबायला पैसे पडत नाहीत. घाई करणाऱ्याला लोक हसतात, थांबणाऱ्याला कुणी हसत नाही. आणि सल्ला चुकलाच तर देणाऱ्याच्या खिशातून दमडीही जात नाही. नेमका म्हणूनच तो तपासून घ्यायला हवा.

माझा पक्ष सरळ आहे. कामाला कार्ड लागत असेल तर आज घ्या. लागत नसेल तर विषय डोक्यातून काढून टाका. या दोहोंच्या मधोमध सहा-सहा महिने यूट्यूबवर तुलना बघत ताटकळत बसणं, याला मी निर्णय मानायला तयार नाही.

पूर्वपक्ष मात्र आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. कॉम्प्युटरची कुठलीही वस्तू दर दोन वर्षांनी वेगवान होते आणि स्वस्तही, हा अनुभव आपल्या एका अख्ख्या पिढीने घेतलाय. रॅम, हार्ड डिस्क, मॉनिटर, सगळ्यात तेच झालं. ग्राफिक्स कार्डांचं तर ताजं उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये एनव्हीडियाचं आरटीएक्स ३०६० जाहीर ३२९ डॉलरला निघालं, पण बाजारात ते त्या भावाला दिसलंच नाही. एकीकडे कोविडमुळे चिपांचा तुटवडा, दुसरीकडे इथेरियमचं मायनिंग करणारे कार्डं डझनाने उचलत होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात तेव्हा किंमत विचारून लोक मुकाट्याने ग्रँट रोड स्टेशनाकडे वळायचे. मग १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली, त्याचं कार्डावरचं मायनिंग एका दिवसात बंद पडलं आणि भाव उतरले. थांबलेले जिंकले. हे मी नाकारत नाही.

पण ते का जिंकले ते बघा. २०२१ मध्ये भाव फुगला होता तो बाहेरच्या कारणाने. कंपनीची जाहीर किंमत एक आणि दुकानातली दुसरी, आणि मधला फरक कुणाच्या खिशात जातोय ते सगळ्यांना दिसत होतं. ते कारण सरताच भाव खाली येणार, हा अंदाज रास्त होता. आज थांबा म्हणणाऱ्याला विचारा, बाबा रे, कोणतं कारण सरायची वाट बघायची? उत्तर येतं, ‘पुढची पिढी.’

तर पिढ्यांचाच हिशोब करू. जून २०१६ मध्ये एएमडीचं आरएक्स ४८० आलं, ८ जीबी मेमरीचं, अडीचशे डॉलरच्या आत. जून २०२३ मध्ये आरटीएक्स ४०६० आलं: ८ जीबी, २९९ डॉलर. मे २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६०: पुन्हा ८ जीबी, पुन्हा २९९ डॉलर. वेग वाढला, भरपूर वाढला, त्याबद्दल वाद नाही. पण नव्या गेमच्या वरच्या सेटिंगला आणि फोर-के व्हिडिओच्या टाइमलाइनला पहिल्यांदा कमी पडते ती मेमरी, आणि या तिन्ही कार्डांत तो आकडा नऊ वर्षं जागचा हललेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीडियाचे जेन्सन हुआंग यांनी व्यासपीठावरून सांगितलं की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे मागच्या पिढीतल्या महागड्या ४०९० च्या तोडीचं चालेल. त्यातला मोठा वाटा एआयने मधल्यामध्ये भरलेल्या फ्रेमचा होता. एफपीएसचा आकडा त्याने फुगतो, पण माऊस हलवल्यावर हाताला जो उशीर जाणवतो तो त्याने कमी होत नाही, आणि व्हिडिओ एक्सपोर्ट करणाऱ्याला त्या फ्रेमचा उपयोग शून्य.

त्यात आपला रुपया. २०१६ मध्ये डॉलर ६७ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. २९९ डॉलरचे तेव्हाच्या दराने वीस हजार होतात, नव्वदीच्या दराने सत्तावीस हजारांच्या घरात, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. अमेरिकेतल्या आतेभावाला हा फरक कधी भरावाच लागत नाही, त्यामुळे त्याच्या सल्ल्यात तो धरलेला नसतो. जीएसटीवरून आठवलं. २२ सप्टेंबर २०२५ ला दर कमी झाले तेव्हा दिवाळीपर्यंत थांबायचा सल्ला जोरात होता. मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले हे खरं, पण ग्राफिक्स कार्ड आधीही १८ मध्ये होतं आणि नंतरही १८ मध्येच राहिलं.

आता आमच्या पनवेलकडे येऊ, कारण भाव का उतरत नाहीत याचं एक उत्तर आपल्याच हद्दीत उभं आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत योट्टा कंपनीचं एनएम१ हे डेटा सेंटर आहे. जुलै २०२० मध्ये ते सुरू झालं. मार्च २०२४ मध्ये तिथे एनव्हीडियाच्या एच१०० या एआय चिपांची पहिली मोठी खेप उतरली. कंपनीची एकूण मागणी १६,३८४ चिपांची जाहीर झाली होती. यातल्या प्रत्येक चिपला ८० जीबी मेमरी. म्हणजे नवीन पनवेलच्या एखाद्या वनबीएचकेतला मुलगा ८ जीबीच्या कार्डासाठी पैसे साठवत असताना, त्याच्या दसपट मेमरीच्या हजारो चिपा रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर येऊन बसल्या.

यात योट्टाचा दोष काही नाही. गिऱ्हाईक मोठं झालं, एवढंच. जानेवारी २०२२ ला संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हीडियाची गेमिंगची कमाई सुमारे साडेबारा अब्ज डॉलर होती आणि डेटा सेंटरची साडेदहाच्या जरा वर. तीनच वर्षांनी, जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात, डेटा सेंटरची कमाई ११५ अब्जांवर गेली आणि गेमिंग साडेअकरा अब्जांच्या आत राहिलं. आपण एके काळी त्या दुकानाचे मुख्य गिऱ्हाईक होतो, आता कोपऱ्यात उभे आहोत. जगात ही मेमरी मुख्यतः तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या चिपवरची मेमरी आणि आपल्या कार्डावरची मेमरी जातीने वेगळ्या, पण कंपन्या त्याच, आणि जास्त नफा जिकडे तिकडे कारखान्याची क्षमता वळते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले ते यातूनच. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा क्रुशल हा आपला ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी ‘सहा महिन्यांत स्वस्त होईल’ हे कुणी ठामपणे सांगत असेल तर त्याने आधाराला काहीतरी दाखवावं.

एवढं वाचून दुकानदार मंडळी खूश झाली असतील, तर त्यांचंही खंडन करून टाकतो. ‘आत्ताच घे, उद्या महाग होईल’ हा थांबण्याच्या सल्ल्याचाच जुळा भाऊ आहे. दोघेही कॅलेंडर दाखवतात, तुमचं काम कुणीच विचारत नाही. महाग होणार म्हणून घ्यायचं ठरवलं तर गहू, सोनं, उलव्यातला फ्लॅट, सगळंच आज घ्यावं लागेल. तुमचा मॉनिटर साठ हर्ट्झचा असेल आणि त्यावर व्हॅलोरंट चालत असेल, तर नव्या कार्डाने डोळ्यांना फरक कळणार नाही. ‘जीटीएक्स १०६० चे ड्रायव्हर बंद झाले’ हीसुद्धा अशीच भीती. एनव्हीडियाने त्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, पण सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत द्यायचं जाहीर केलंय. कार्ड त्या तारखेला मरत नाही.

मग काम म्हणजे काय, हे पनवेलमध्ये शोधायला लांब जावं लागत नाही. नवी मुंबई विमानतळाभोवती सिडकोच्या ‘नैना’ क्षेत्रात टॉवर उठतायत, आणि पाया खणायच्या आधी बिल्डरला थ्रीडी वॉकथ्रू हवा असतो: लॉबीतलं ऊन, बाल्कनीतून दिसणारा डोंगर. आर्किटेक्चरची मुलं हे रेंडर रात्री लावून झोपतात आणि सकाळी उठून बघतात तर मेमरी संपून सॉफ्टवेअर बंद पडलेलं. दुसरे लग्नाचे व्हिडिओवाले. आमच्याकडच्या आगरी हळदीला दोन-तीन कॅमेरे आणि वर ड्रोन असतो, सगळं फोर-केमध्ये. एका लग्नाचं फुटेज शेकडो जीबी भरतं. तुळशीच्या लग्नानंतर तारखा सुरू झाल्या की एडिटरला श्वास घ्यायला फुरसत नसते. समजा, तो आठवड्याला दोन ऑर्डर उरकतो आणि चांगल्या कार्डावर तिसरी बसवू शकतो. एका ऑर्डरचे एडिटिंगचे सात हजार धरले तरी पस्तीस हजारांचं कार्ड पाच आठवड्यांत फिटतं. त्याला पाच हजार वाचवण्यासाठी लग्नसराईभर थांबायला सांगणं म्हणजे त्याचं नुकसान करणं.

अशांना हल्ली आणखी एक सल्ला मिळतो: घरात कार्ड कशाला, क्लाउडवर भाड्याने घे. रेंडरसाठी काही प्रमाणात हे चालतं. पण लग्नाचं फुटेज आधी वर चढवायचं आणि काम झाल्यावर पुन्हा उतरवायचं, तेही घरगुती इंटरनेटवर. पाहुणे वरात विसरून जातील.

गरज आहे की हौस, हे ठरवायला तज्ज्ञ लागत नाही. आठवडाभर आपलं नेहमीचं काम करताना टास्क मॅनेजरमधला परफॉर्मन्सचा तक्ता उघडा ठेवा. कार्डाची मेमरी काठोकाठ भरतेय आणि टाइमलाइन अडखळतेय, तर दोष कार्डाचा. कार्ड तीस टक्क्यांवर आणि प्रोसेसर शंभरावर, तर नवं कार्ड घालूनही घोडं तिथेच पेंड खाणार.

आणि आधी लगीन पॉवर सप्लायचं. असेंबल्ड पीसीच्या कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस हातात घेऊन बघा. वर ‘४५० वॅट’ असं ठळक स्टिकर आणि डबा मात्र पोकळ वाटावा इतका हलका. कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर त्याला नसते, म्हणून दुकानदार जुन्या चार पिनांच्या दोन वायरी जोडून कन्व्हर्टर देतो. पूर्ण लोडवर काही महिने गेले की त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या टोकाला पिवळट-तपकिरी डाग पडतो. तो डाग दिसला की पीसी बंद करा. पहिल्या पावसात महावितरणची वीज दिवसातून चारदा ये-जा करते तेव्हा असल्या डब्यावर तीस हजारांचं कार्ड लावणं हा जुगार आहे. कार्डाच्या बजेटमधले चार-पाच हजार इकडे वळवावे लागले तरी वळवा.

थांबण्याला मी एकच सूट देतो: तारीख असेल तर. मे २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात एएमडीने १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी ३४९ डॉलरला जाहीर केलं आणि ते ५ जूनला बाजारात आलं. त्या दोन आठवड्यांत दुसरं काही विकत घेणारा उतावळाच. ‘येईल म्हणतात’ या भरवशावर मात्र एक दिवसही काढू नये.

ज्यांच्या तक्त्याने ‘गरज नाही’ असं सांगितलं, त्यांनी जुनं कार्ड तेवढं उघडून घ्यावं. विमानतळाची भरणी, कळंबोलीकडे जाणारे ट्रक, जागोजाग चाललेली बांधकामं, यांची धूळ आणि खाडीची दमट हवा मिळून हीटसिंकच्या पात्यांत राखाडी घोंगडीसारखा थर बसतो. तो ब्लोअरने उडवून, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली की तापमान उतरतं, पंख्याचा घरघराट थांबतो आणि गरम झाल्यामुळे मंदावलेलं कार्ड पुन्हा मूळ वेगाने चालतं. याला काही शे रुपये आणि एक दुपार लागते. पेस्ट लावताना पंख्याची वायर तेवढी सांभाळून काढा. तिचं पांढरं सॉकेट फार नाजूक असतं.