सुवर्णकमळ आणि जांभई

2024 च्या मे महिन्यात पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाले. पुढच्याच वर्षी रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाने अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथाचित्रांच्या विभागातले सर्वोच्च परीक्षक-पारितोषिक पटकावले. दोन्ही वेळा मथळे झळकले, अभिनंदनाचे वर्षाव झाले. चित्रपट प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र घरोघरी नेहमीचेच मतभेद निघाले. कुणी म्हणाले, असे काही गेल्या कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. कुणी म्हणाले, दोन तास बसलो, पण घडले काय ते शेवटपर्यंत कळले नाही.

हा मतभेद नवा नाही. दूरदर्शनचा एकच पडदा असताना, रविवारी दुपारी पारितोषिकप्राप्त प्रादेशिक चित्रपट दाखवले जात. जेवणे उरकलेली, बाहेर ऊन रणरणते आणि पडद्यावर एखादा बंगाली किंवा मल्याळी चित्रपट, खाली इंग्रजी अक्षरे. घरातले एखादेच माणूस त्यात बुडून जाई; बाकीचे पंधरा मिनिटांत सतरंजीवर आडवे होत. पडदा एक, चित्रपट एक, संस्कार एक. मग एकाला जांभई आणि दुसऱ्याला मोहिनी, असे का व्हावे?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे आहेत. पहिले उत्तर जाणकारांचे: प्रेक्षकांची अभिरुचीच घसरली आहे. दुसरे कंटाळलेल्यांचे: हे चित्रपट परदेशी परीक्षकांसाठीच काढतात, आणि ते आवडल्याचे सांगणारे नाटक करतात. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत, कारण दोन्हींत दोष समोरच्याचा ठरतो. परंतु पुण्या-मुंबईच्या परिसंवादांतून उठून हाच प्रश्न सोलापूर जिल्ह्याच्या टोकाला, मैंदर्गीसारख्या गावात नेऊन ठेवला, तर ही उत्तरे टिकत नाहीत.

एकाच मातीतले दोन चित्रपट

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातले, अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना लागणारे नगरपरिषदेचे गाव. कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर. घरात कन्नड, शाळेत आणि कचेरीत मराठी, बाजारात दोन्ही, आणि पडद्यावर बहुधा हिंदी, असा इथल्या अनेक कुटुंबांचा भाषिक संसार. अशा प्रेक्षकाला ‘अडाणी’ म्हणणे हाच अडाणीपणा होय. तीन-तीन भाषांत हसू-रडू शकणारा हा प्रेक्षक आहे.

आणि याच जिल्ह्याने आपल्या प्रश्नाचा जणू एक प्रयोगच करून ठेवला आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ 14 फेब्रुवारी 2014 रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. दोन वर्षांनी, 29 एप्रिल 2016 रोजी, त्यांचाच ‘सैराट’ आला आणि 80 कोटींहून अधिक कमाई करून मराठी चित्रपटांचे सारे विक्रम मोडून गेला. दिग्दर्शक एक, मुलूख एक, मुळातला विषयही एकच. जात आणि प्रेम. नवखे कलाकार दोन्हीकडे. तरीही ‘सैराट’ला लोक पडद्यासमोर नाचले, आणि ‘फँड्री’ पाहून भारावलेल्यांच्या शेजारीच ‘संथ आहे’ म्हणणारेही होते. प्रेक्षकांची अभिरुची दोन वर्षांत घसरली आणि सुधारली, असे तर कुणी म्हणणार नाही. म्हणजे कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

पहिले कारण अगदी साधे: आपण काय पाहायला निघालो आहोत, याची मनाशी बांधलेली खूणगाठ. ‘फँड्री’च्या प्रसिद्धीसाठी अजय-अतुल यांचे एक गाणे केले होते. ते घरोघरी वाजले, पण चित्रपटात ते नव्हतेच. शिवाय प्रदर्शनाचा दिवस व्हॅलेंटाइनचा. शाळकरी मुलाची गोड प्रेमकथा पाहायला गेलेल्या माणसासमोर प्रत्यक्षात आले ते गावातली डुकरे पकडण्याचे काम वाट्याला आलेले एक कैकाडी कुटुंब आणि त्या कामाच्या लाजेने आतल्या आत कुढणारा जब्या. श्रीखंड समजून तोंडात घातलेला घास ताकाचा निघाला, तर ताक कितीही उत्तम असले तरी तोंड वाकडे होणारच. पारितोषिकाचेही असेच होते. ‘सुवर्णकमळ मिळालेला चित्रपट’ म्हटले की एक जण तो चांगला असणारच असे ठरवून बसतो, आणि दुसरा तो कंटाळवाणा असणारच असे. दोघांचाही निकाल दिवे मालवण्यापूर्वी लागलेला असतो.

‘पुढे काय?’ आणि ‘हे असे का?’

दुसरे कारण अधिक खोल आहे. गोष्ट ऐकताना आपले मन सारखे विचारत असते, ‘पुढे काय?’ आजीच्या गोष्टीपासून रात्रीच्या मालिकेपर्यंत सारे या एका प्रश्नावर चालते. परंतु काही चित्रपट हा प्रश्न बाजूला सारतात आणि ‘हे असे का?’ असे विचारतात. पहिला प्रश्न घेऊन बसलेल्या माणसाला तिथे काहीच घडताना दिसत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चे उदाहरण घेऊ. 2014 मध्ये व्हेनिसला त्याचा गौरव झाला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले आणि 2015 मध्ये ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून तो गेला. आपल्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली, असा आरोप एका लोकशाहिरावर आहे. आता कोर्टाचा चित्रपट म्हटला की टेबलावर आपटलेली मूठ, ऐन वेळी आलेला साक्षीदार, शेवटचा निकाल, हे आपल्या अंगवळणी पडलेले. इथे यातले काहीच नाही. कॅमेरा खोलीच्या टोकाला उभा राहतो आणि तिथून हलत नाही. तारखा पडतात. सरकारी वकीलबाई लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात. शेवटी उन्हाळी सुटी लागते, न्यायालयातले दिवे मालवतात, पडदा काळोखतो. चित्रपट संपला असे वाटते, तर पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात!

नेहमीचा चित्रपट कुठे पाहायचे ते बोट धरून सांगतो: इथे चेहरा जवळून दाखवला, इथे संगीत वाढले, म्हणजे इथे रडायचे. ‘कोर्ट’ बोट सोडून देतो. ज्याला हे स्वातंत्र्य मिळाल्याचे कळते, तो त्या रुंद चौकटीत कोपऱ्यातला कारकून पाहतो, पाळी येण्याची वाट बघणारी माणसे पाहतो, आणि हळूहळू अंगावर काटा येतो. ज्याला कळत नाही, तो पुढचे बोट शोधत राहतो आणि कंटाळतो. हा बुद्धीचा फरक नव्हे, सवयीचा आहे. ख्याल ऐकायची सवय नसलेल्या माणसाला विलंबित आलापी रेंगाळल्यासारखी वाटते. तोच माणूस भजनाच्या फडात रात्रभर डोळा न मिटता बसतो.

तिसरे कारण ओळखीचे. मैंदर्गीच्या घरात डुकराला ‘हंदी’ म्हणतात. ‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतला शब्दही डुकराचाच, आणि कैकाडी ही द्राविडी कुळातली भाषा. पुण्याच्या प्रेक्षकाला जे नाव परके, गूढ वाटले, त्यात इथल्या कानाला आपल्या शब्दाची नातेवाईक भेटते. ‘सैराट’च्या उत्तरार्धात आर्ची आणि परश्या हैदराबादला पळून जातात. तो भाग लांबला अशी तक्रार अनेकांनी केली. त्यांना कानावर पडणारी तेलुगू परकी होती. सोलापूर शहरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेला तेलुगूभाषक विणकर समाज आहे. त्याच्यासाठी तिथला बाजार परका नव्हता. ज्याला तपशील ओळखता येतो, त्याला संथ प्रसंग भरलेला वाटतो. ज्याला येत नाही, त्याला तोच रिकामा.

मात्र ओळख दुधारी असते. ज्याने दिवसभर तेच जिणे जगले, त्याने रात्री पैसे मोजून पुन्हा तेच का पाहावे? ‘आमचेच रडगाणे आम्हाला काय दाखवता?’ हे म्हणणेही खोटे नाही. दमून आलेल्या माणसाला विरंगुळा हवा असतो, आणि विरंगुळा मागणे हा गुन्हा नव्हे.

भरतमुनींचा निर्वाळा

आपल्या परंपरेने हा पेच फार पूर्वीच ओळखला होता. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त, सत्ताविसाव्या अध्यायात, प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखायचे याची चर्चा आहे. तरुण शृंगारात रमतात, शूर युद्धप्रसंगात, वृद्ध पुराणकथांत, विरक्त मोक्षाच्या गोष्टीत. सर्वांना एकच गोष्ट सारखी भावेल अशी अपेक्षा भरताने धरलेलीच नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, यश दोन प्रकारचे असते असे तो सांगतो. प्रेक्षक हसतात, वाहवा करतात, उठून उभे राहतात, वस्त्रे उधळतात, ती मानुषी सिद्धी. आणि सभागृह भरलेले असून कुठे आवाज नाही, हालचाल नाही, ती दैवी सिद्धी.

‘सैराट’चे खरे रहस्य इथे आहे. पूर्वार्धात शिट्ट्या, नाच, उधळण. अस्सल मानुषी सिद्धी. आणि शेवटच्या प्रसंगात मंजुळे सारे संगीत, सारा आवाज काढून घेतात. रक्ताने भरलेली लेकराची पावले उमटत जातात, आणि जी माणसे तासाभरापूर्वी नाचत होती, ती खुर्चीत थिजून बसतात. म्हणजे पारितोषिकाच्या चित्रपटातली ती ‘असह्य शांतता’ याच प्रेक्षकाने पेलली. त्याला तिथवर हात धरून आणले गेले होते, एवढेच. कीर्तनकार काय वेगळे करतो? प्रेक्षक आधी आपलासा करायचा आणि मग त्याला अवघड गोष्ट सांगायची.

‘संत तुकाराम’ने 1936 मध्ये हेच साधले होते. गावोगावच्या लोकांनी तो डोक्यावर घेतला, आणि दुसऱ्या वर्षी व्हेनिसमध्येही तो नावाजला गेला. 2004 मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘श्वास’चे तेच. ‘श्यामची आई’नंतर अर्धशतकाने मराठीला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवून देणारा हा चित्रपट घरोघरच्या माणसांनी पाहिला, कारण त्यात ‘पुढे काय?’ आणि ‘हे असे का?’ हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी होते: नातवाचा जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी जाणार, आणि हे त्याला सांगायचे कुणी?

अर्थात, प्रत्येक संथ चित्रपट थोर असतो असे मुळीच नाही. पोकळ संथपणाही असतो, आणि परीक्षकांनाही त्यांच्या वर्तुळाच्या आवडीनिवडी असतात. शिवाय महोत्सवातला परीक्षक काळोख्या सभागृहात, भल्या मोठ्या पडद्यावर, दुसरे काही काम नसताना चित्रपट पाहतो. तोच चित्रपट आपण हातातल्या मोबाइलवर, कुकरच्या शिट्ट्या मोजत पाहिला, तर आपण दोघांनी एकच चित्रपट पाहिला असे म्हणता येणार नाही. पडदा लहान झाला की आधी मरतात ते बारकावे, आणि अशा चित्रपटांचा जीव बारकाव्यांतच असतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ‘कंटाळा आला’ या शब्दांमागे कधी कधी दुसरेच काही दडलेले असते. ‘फँड्री’त जब्याचे कुटुंब डुकरामागे धावते, आणि गावकरी पायरीवर बसून क्रिकेटचा सामना पाहावा तसे खिदळतात. राष्ट्रगीत सुरू होते, सारे जागच्या जागी उभे राहतात, डुक्कर निसटते. पकडलेले डुक्कर खांद्यावर घेऊन निघालेल्या कुटुंबाच्या मागे भिंतीवर बाबासाहेबांचे आणि सावित्रीबाईंचे चित्र असते. तो पाठलाग लांबतो खरा. पण तो कुणाला लांबतो? पायरीवर बसणाऱ्यांत आपण असू, तर चुळबूळ होणारच. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड सरळ पडद्याबाहेर, आपल्या दिशेने येतो. त्या क्षणी ज्याला राग येतो आणि ज्याला कंटाळा येतो, त्या दोघांनी आपापल्या मनाला एकदा विचारून पाहावे, की ही जांभई आहे की नजर चुकवणे आहे?

म्हणूनच हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. आपल्याच जिल्ह्याच्या मातीत, आपल्याच माणसांवर काढलेला चित्रपट ‘तो आपल्यासाठी नाही’ या समजुतीपायी आपल्याच गावापर्यंत पोहोचत नसेल, तर नुकसान महोत्सवांचे होत नाही, आपले होते. उपाय खर्चिक नाहीत. मुंबईत 1968 मध्ये सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी दाखवून दिले आहे की, चांगला चित्रपट एकत्र बसून पाहण्याची आणि नंतर त्यावर बोलण्याची सवय लावता येते. तालुक्याच्या गावी शाळेचे सभागृह असते, पडदा आणि प्रोजेक्टर आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. महिन्यातून एक चित्रपट, आधी पाच मिनिटे ओळख, नंतर अर्धा तास गप्पा. एकदा मराठी ‘फँड्री’, एकदा राम रेड्डी यांचा कन्नड ‘तिथि’, ज्यात खेड्यातल्या साध्या माणसांनीच भूमिका केल्या आणि जो लोकार्नोला दोन पारितोषिके घेऊन आला. मैंदर्गीचा प्रेक्षक दोन्ही भाषांत हसेल. हे भाग्य पुण्या-मुंबईच्या किती रसिकांना लाभते?

आणि गप्पांत कुणी ‘मला कंटाळा आला’ म्हणाला, तर त्याला गप्प बसवू नये. कुठल्या प्रसंगापासून कंटाळा आला, एवढेच विचारावे. चांगली चर्चा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.