नंबर घालवण्याआधीचे आकडे

चष्मा घालवण्याचा विचार ठरावीक वेळी उचल खातो. लग्न जमत आलेले असते तेव्हा, सैन्यभरतीची जाहिरात निघते तेव्हा, नाहीतर जुलैत हेल्मेटची काच आणि चष्मा दोन्ही पुसत दुचाकी हाकावी लागते तेव्हा. मग कुणाची तरी मावसबहीण आठवते. तिने ‘लेझर करून घेतले’ आणि दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या भिंतीवरचे घड्याळ वाचले. ही मावसबहीण खोटे बोलत नाही. बहुतेकांचा अनुभव असाच असतो. घोडे अडते ते दवाखान्यातल्या त्या टेबलाशी, जिथे डॉक्टरांच्या आधी समुपदेशक भेटतो आणि तपासणीचा अहवाल हाती पडण्यापूर्वीच पॅकेजचा तक्ता पुढे सरकवतो.

त्या तक्त्यात लॅसिक, ब्लेडविना लॅसिक, स्माइल अशा पायऱ्या असतात आणि दर पायरीला रक्कम चढत जाते. साहजिकच माणूस फ्रिजचे मॉडेल निवडावे तसा विचार करू लागतो. यातले काय करायचे, किंबहुना काही करायचे की नाही, हे सांगणारा कागद मात्र वेगळा असतो. तो म्हणजे कॉर्नियाचा, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, नकाशा.

हिशेब अवघड नाही. कॉर्निया मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. लॅसिकमध्ये त्याचा वरचा सुमारे ११० मायक्रॉनचा थर झाकणासारखा उचलतात, खालचा भाग लेझरने हवा तसा घडवतात आणि झाकण परत बसवतात. एक नंबर घालवायला ढोबळमानाने १२ ते १५ मायक्रॉन खर्ची पडतात. उणे ६ नंबरच्या माणसाचे झाकणासह दोनशेच्या आत भागते आणि खाली ३४०-३५० मायक्रॉन शाबूत राहतात. पण कॉर्निया मुळातच ४८० मायक्रॉनचा आणि नंबर उणे ८ असेल, तर शिल्लक उरते २६०च्या आसपास. २५०च्या खाली जायचे नाही, हा जुना दंडक. अनेक सर्जन आता तीनशेच्या खालीही जायला राजी नसतात. दोघांनी एकाच दवाखान्यात एकच पॅकेज घेतले, तरी एकाची शस्त्रक्रिया निर्धोक आणि दुसऱ्याची जोखमीची ठरते.

इतके बारीक काम शक्य झाले, त्यामागे मद्रासमध्ये जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. १९८१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातले उरलेले टर्कीचे मांस नेले आणि त्यावर एक्सायमर लेझर मारून पाहिला. चर स्वच्छ पडला, कडेचा भाग करपला नाही. पुढे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासोबत त्यांनी हेच कॉर्नियावर करता येते हे दाखवले. त्यांचा शोधनिबंध १९८३ मध्ये आला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, १९९५ मध्ये नंबर घालवण्यासाठी या लेझरला पहिली परवानगी दिली. तंत्र जुने आणि पारखलेले आहे. पारख करायची उरते ती डोळ्याची.

महाराष्ट्रात ही पारख अधिकच कसून व्हायला हवी. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ने तिशीपुढच्या लोकांचे डोळे तपासले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतल्या २.३ टक्के लोकांत केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया कमकुवत होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा विकार आढळला. व्याख्या बदलली की असा आकडा थोडा हलतो, पण दुर्लक्ष करण्याजोगा तो नाही. सुरुवातीच्या टप्प्यात हा विकार साध्या नंबर-तपासणीत सहज निसटतो. कॉर्नियाचा आकार मोजणाऱ्या टोपोग्राफीत किंवा पेंटाकॅम यंत्राच्या नकाशात दिसतो. तो न ओळखता लेझर केले, तर कॉर्निया आणखी फुगतो आणि नंतर चष्म्यानेही स्पष्ट दिसेनासे होते. नकाशा खरा यावा म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स आधी बंद कराव्या लागतात, मऊ असतील तर निदान आठवडाभर, कडक असतील तर त्याहून बरेच जास्त. लेन्स काढून त्याच दुपारी केलेल्या तपासणीवर विसंबणे बरे नव्हे.

कॉर्निया धडधाकट निघाला, तरी पुढचे आकडे उरतातच. एफडीएच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीवर समाधानी होते. त्याच अभ्यासांत आधी कसलीच तक्रार नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोकांना तीन महिन्यांनी दिव्यांभोवती वलये, किरणे किंवा झगमगाट असे काहीतरी नवे जाणवत होते. त्यापायी फार अडचण येणारे एक टक्क्याहूनही कमी. बहुतेकांना ही वलये चालून जातील. रात्रीच्या वेळी समोरच्या ट्रकचे दिवे अंगावर घेत घाट उतरणाऱ्या चालकाने मात्र हा आकडा दोनदा वाचावा. डोळ्यांच्या कोरडेपणाचेही तेच. झाकण कापताना कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात आणि सावरायला काही महिने घेतात. एसीत दहा तास पडद्याकडे पाहणाऱ्याला ते महिने थेंबांच्या बाटलीसोबत काढावे लागतात.

वयाचे गणित तर सर्रास राहून जाते. उणे २-३ नंबरची माणसे चाळिशीनंतर चष्मा कपाळावर सारून औषधाच्या पुडीवरची बारीक अक्षरे वाचतात, सुईत दोरा ओवतात. लेझरने लांबचा नंबर गेला की ही सोयही गेली. जवळचा चष्मा चारचौघांसारखाच लागणार. विशीत लेझर करणाऱ्याला चष्म्याविना वीस वर्षे मिळतात, अडतिशीत करणाऱ्याला चार-पाच. दोघांनी मोजलेले पैसे सारखेच असतात.

शिवाय नंबर गेला म्हणून उणे नंबरामागची डोळ्याची वाढलेली लांबी कमी होत नाही. मोठ्या उणे नंबरवाल्यांना डोळ्याच्या आतला मागचा पडदा सुटण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतरही तितकाच राहतो. मोतीबिंदू काढायची वेळ येईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा हिशेब करताना लेझरच्या आधीची मोजमापे हाताशी असलेली बरी, म्हणून ती फाइल घरच्या कागदपत्रांत जपून ठेवावी. भरतीसाठी धावपळ करणाऱ्यांनी आधी वैद्यकीय निकष वाचावेत. सैन्यदलांच्या निकषांत शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, तिला झालेला काळ आणि कॉर्नियाची उरलेली जाडी यांच्या अटी असतात. त्यामुळे अठराव्या वर्षी घाईने केलेले लेझर संधीच घालवू शकते. विम्यावरही भिस्त नको. ७.५ पेक्षा कमी नंबरच्या दुरुस्तीचा खर्च आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत मोडतो.

यातले काहीही गुपित नाही. डॉक्टरांना हे पाठ असते. रुग्णापर्यंत ते तुकड्यातुकड्यांत पोहोचते. एफडीएने २०२२ मध्ये रुग्णाला आधी वाचायला द्यायच्या तपासणी-यादीचा मसुदा काढला, तेव्हा तिथल्या सर्जनांच्या संघटनांनी उगाच भीती घालू नका म्हणून विरोध केला. आपल्याकडे असे एक पान मराठीत असायला काय हरकत आहे? त्यावर रुग्णाचे स्वतःचे आकडे हवेत: कॉर्नियाची जाडी, लेझरनंतर उरणारी जाडी, वर्षभरात नंबर किती हलला, नकाशात शंका घेण्याजोगे काही आहे का. खाली सर्जनची सही हवी. आणि ते शस्त्रक्रियेच्या दिवशी सहीपुरते पुढे न येता, पैसे भरण्याआधी घरी न्यायला मिळावे. ९५ टक्क्यांहून अधिक लोक समाधानी राहत असतील, तर अशा पानाने दवाखाने ओस पडणार नाहीत. ते वाचून जे माघारी फिरतील, त्यांतल्या बऱ्याच जणांना चांगल्या सर्जनने तसेही ‘तुम्ही चष्माच वापरा’ असे सांगितले असते.