अल्लादीनची आई कोठे गेली?

विद्यार्थी मित्रांनो, अल्लादीनची गोष्ट तुम्हांला नवी नाही. 'चिराग' हा शब्द कानावर पडला की त्यामागून जिन येणार, हे तुमच्या घरातील लहान मूलसुद्धा सांगेल. वॉल्ट डिस्ने कंपनीने या गोष्टीवर 'अल्लादीन' हा कार्टून चित्रपट काढला. तो १९९२ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि जगभर गाजला. मग कंपनीने त्याचे आणखी दोन भाग काढले. १९९४ साली जाफर परत येतो तो भाग आला आणि १९९६ साली अल्लादीन व चोरांचा राजा यांचा भाग आला. हे भाग अमेरिकेत चित्रपटगृहात न लावता थेट व्हिडिओ कॅसेटवर विकले गेले. आज मला या पुढच्या भागांविषयीच तुमच्याशी बोलायचे आहे.

मोठी माणसे असे चित्रपट पाहून नाक मुरडतात. एक चालला की त्याला शेपूट जोडायचे, हा निव्वळ पैशांचा धंदा आहे, असे ती म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पहिल्या चित्रपटात रॉबिन विल्यम्स या नटाने जिनला आवाज दिला होता. पुढे त्याचे आणि कंपनीचे बिनसले, म्हणून दुसऱ्या भागात जिन दुसऱ्याच आवाजात बोलतो. चित्रेही पहिल्याइतकी सफाईदार नाहीत. तरीही केवळ 'पुढचा भाग' म्हणून एखाद्या चित्रपटाला नावे ठेवणे मला पटत नाही.

का, ते सांगतो. अल्लादीनची गोष्ट हीच मुळी एक जोड आहे! अलिफ लैलाच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत ती सापडत नाही. आंत्वान गालाँ हा फ्रेंच पंडित त्या गोष्टींचे भाषांतर करत होता. १७०९ साली पॅरिसमध्ये त्याला सीरियातील हलब शहराचा एक तरुण भेटला. त्याचे नाव हन्ना दियाब. त्याने गालाँला अनेक गोष्टी सांगितल्या. त्यांत अल्लादीनची होती आणि अलीबाबाचीही होती. गालाँने आपल्या रोजनिशीत त्याचे नाव लिहिले, पण छापलेल्या पुस्तकात मात्र घातले नाही. आणि तुम्हांला गंमत वाटेल, त्या पुस्तकातला अल्लादीन चीनमध्ये राहतो!

पुढे या गोष्टींना पाय फुटले. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून अलिफ लैला मराठीत आणायला घेतली. मुंबईत होमी वाडिया यांनी १९५२ साली अल्लादीनवर हिंदी चित्रपट काढला. गोष्ट अशीच गावोगाव फिरते आणि प्रत्येक मुक्कामी तिला नवे ठिगळ लागते. म्हणून ठिगळ लावले याबद्दल माझी तक्रार नाही. ते लावताना काय कापून टाकले, एवढेच मी पाहतो.

दुसऱ्या भागात मला आवडला तो पोपट इयागो. पहिल्या चित्रपटात तो दुष्ट जाफरचा चमचा होता. आता तो मालकाला सोडून अल्लादीनकडे येतो. त्याच्यावर कोणाचा विश्वास बसेल? अल्लादीन त्याची बाजू घेतो, म्हणून शाहजादी जास्मीन त्याच्यावरच रागावते. शेवटी अल्लादीन संकटात सापडतो, तेव्हा हाच पोपट जाफरचा चिराग पेटत्या लाव्हारसात लोटून देतो. काल वाईट वागलेला आज चांगला वागू शकतो का, हा प्रश्न तुमच्या वर्गातही कधी ना कधी येतोच. पहिल्या चित्रपटात तो नव्हता.

तिसरा भाग त्याहून सरस आहे. रॉबिन विल्यम्सही त्यात परत आला. या भागात अल्लादीनला आपला हरवलेला बाप सापडतो, पण तो निघतो चाळीस चोरांचा सरदार! त्याचे नाव कासिम. अलीबाबाच्या गोष्टीत कासिम कोण होता, हे तुम्हांला आठवत असेलच. तो अलीबाबाचा लोभी भाऊ. एका प्रचंड कासवाच्या पाठीवरचे बेटही या चित्रपटात आहे. ते पाहून मला सिंदबादची पहिली सफर आठवली. तिथेही बेट समजून खलाशी माशाच्या पाठीवर उतरतात. म्हणजे चित्रपट काढणाऱ्यांनी अलिफ लैलाच्या संदुकीत बराच वेळ हात घातला होता.

पण आता माझी खरी तक्रार ऐका. गालाँच्या पुस्तकात अल्लादीनचा बाप शिंपी आहे आणि तो लवकरच मरतो. मागे राहते ती आई. ती सूत कातून मुलाला पोसते. मुलासाठी शाहजादीला मागणी घालायला तीच दरबारात जाते. हिऱ्यामाणकांचे तबक घेऊन ती दिवसेंदिवस तिथे मुकाट्याने उभी राहते. शेवटी सुलतानाचेच लक्ष तिच्याकडे जाते. एवढी धीराची बाई! तिन्ही चित्रपटांत तिला जागाच मिळाली नाही. बापाला मात्र तिसऱ्या भागात शोधून आणले.

तसेच मर्जीनाचे. चाळीस चोर घेतले, 'खुल जा सिमसिम' घेतले, आणि त्या चोरांना पुरून उरणारी मर्जीना तेवढी वगळली. चोराने अलीबाबाच्या दारावर खडूने खूण केली, तर शेजारच्या दारांवर तशाच खुणा करणारी मुलगी कोणाच्या लक्षात राहणार नाही?

कोणी म्हणेल, मुलांच्या चित्रपटाला एवढे कशाला बोलायचे? बोलल्याने फरक पडतो, म्हणून. पहिल्या चित्रपटाच्या सुरुवातीच्या गाण्यात, अरबांच्या देशात माणसाचे कान कापतात, अशा अर्थाची ओळ होती. अमेरिकेतील अरब लोकांच्या संस्थेने आवाज उठवला आणि १९९३ साली कॅसेट निघाली तेव्हा ती ओळ बदललेली होती. त्या चित्रपटातील दुकानांच्या पाट्याही नुसत्याच वळणदार रेघोट्या आहेत, अशी तक्रार तेव्हा झाली होती. उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्या तुमच्या डोळ्यांना ही लबाडी सर्वांआधी दिसेल.

माझ्या हाती असते, तर पुढचा भाग मी मर्जीनावरच काढला असता. त्याचे पहिले दृश्यही मी ठरवून ठेवले आहे. रात्रीची वेळ. अंगणात तेलाचे मोठमोठे बुधले रांगेने ठेवलेले आहेत. घरातल्या दिव्याचे तेल संपले, म्हणून मर्जीना भांडे घेऊन बाहेर येते. ती पहिल्या बुधल्याजवळ वाकते, तोच आतून कोणीतरी दबक्या आवाजात विचारते, की बाहेर यायची वेळ झाली का.