बागा पाहाव्या, पण नांवें विचारून

बाग पाहावयास जाणारांत दोन वर्ग आढळतात. एक फुलें पाहून संतुष्ट होतो. दुसरा माळ्यास गांठून झाडाचें नांव विचारतो. शेतकऱ्यानें दुसऱ्या वर्गांत असावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. हल्लीं आपले कांहीं शेतकरी बंधु कृषिसहलीच्या किंवा तिकडे शिकणाऱ्या मुलांच्या निमित्तानें विलायतेस जातात व तेथील जहागीरदारी वाड्यांच्या बागा पाहून येतात. त्यांच्यासाठीं हे चार शब्द लिहीत आहों.

यांपैकीं पुष्कळ बागा पूर्वीं धन्याच्या पाहुण्यांपुरत्याच असत. १९२७ सालीं माणशी एक शिलिंग घेऊन खाजगी बागा लोकांस खुल्या करण्याची योजना निघाली, व तो पैसा घरोघर जाणाऱ्या परिचारिकांच्या कार्यास देण्यांत आला. पहिल्याच वर्षीं ६०९ बागा उघडल्या. ती योजना आजही चालू आहे. शिवाय पुष्कळ वाडे १८९५ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टच्या ताब्यांत आहेत.

आतां नांवाचें महत्त्व पाहा. डर्बीशायर परगण्यांतील चॅट्सवर्थ हा डेव्हनशायरच्या ड्यूकांचा वाडा. तेथील मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यानें मॉरिशसहून आलेली एक ठेंगणी केळ कांचगृहांत वाढविली. ती १८३५ च्या नोव्हेंबरांत व्याली, आणि ड्यूकाच्या घराण्यावरून तिला कॅव्हेंडिश हें नांव पडलें. आपली बसराई आणि जळगांवकडे लागणारी ग्रँड नैन या दोन्ही त्याच गटांतल्या होत. बसराई चॅट्सवर्थहून आली, असें मात्र कोणी समजूं नये; गट एक, एवढेंच. पण 'ही तर आपलीच केळ' म्हणून जो पुढें जाईल, त्यास हा गट कळणार नाहीं, आणि गट न कळला तर त्याचा रोगही कळणार नाहीं. पनामा मर रोगानें ग्रो मिशेल ही जुनी व्यापारी केळ बुडविली, तेव्हां कॅव्हेंडिश टिकली म्हणून ती जगभर पसरली. आज त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाच मारीत आहे, व तो बिहार आणि उत्तर प्रदेशांतही शिरला आहे. रोगट मुनव्यांबरोबर आणि बुटाला लागलेल्या मातीबरोबर तो प्रवास करितो.

नुसत्या रूपावरून ओळख पटविणें किती धोक्याचें, हें वेल्समधील बॉडनंटच्या बागेंत कळतें. तेथें सुमारें ५५ मीटर लांबीच्या कमानीवरून मेअखेरीस लॅबर्नमचे पिवळे घोस लोंबतात. आपल्याकडील मनुष्य त्यास बेलाशक बहावा म्हणेल. परंतु पान हातीं घ्यावें: लॅबर्नमचें पान बेलाप्रमाणें तीन दळांचें, फूल वाटाण्यासारखें, शेंग लहान व चपटी. बहाव्याच्या पानास दळांच्या अनेक जोड्या, फुलास पांच मोकळ्या पाकळ्या, शेंग हातभर लांब व दांड्यासारखी गोल. बहाव्याचा मगज रेचक म्हणून औषधांत पडतो. लॅबर्नमचें बीं मात्र विषारी आहे.

शोभेच्या झाडानें रानांत शिरकाव केला म्हणजे काय होतें, हेंही तेथें पाहण्यासारखें आहे. ऱ्होडोडेंड्रॉन पाँटिकम हें झुडूप १७६३ सालीं इंग्लंडांत आलें. वाड्यांच्या आवारांत फुलांकरितां, आणि शिकारीच्या पक्ष्यांस आडोसा म्हणून जमीनदारांनीं तें मुद्दाम लावलें. आज त्याच्या दाट सावलीखालीं दुसरें कांहीं वाढत नाहीं. पाला खाल्ल्यास मेंढरांस विषबाधा होते. आपल्याकडील घाणेरीची कथा निराळी नाहीं. तीही अमेरिकेची, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेसाठींच आली, आणि आज बांध, कुरणें व डोंगर व्यापून बसली आहे.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, बागेंत जातांना वही न्यावी. पाटीवरील लॅटिन नांव अक्षरशः उतरून घ्यावें. पान, फूल, फळ व झाडाचा बांधा यांचीं वेगवेगळीं छायाचित्रें घ्यावीं. झाड उघड्यावर आहे कीं कांचेखालीं, हें टिपावें. देशी नांव पान, फूल व फळ हीं तिन्ही जुळल्यावरच लिहावें. फांदी, बीं किंवा कंद मात्र खिशांत घालून आणूं नये. २००३ च्या वनस्पति-संगरोध आदेशाप्रमाणें आयातपरवाना व त्या देशाचा रोगमुक्ततेचा दाखला यांवांचून असें रोप आणणें बेकायदेशीर आहे. आणि कायदा नसता तरी तें शेजाऱ्याच्या पिकावर अन्यायच ठरतें.

आपल्याकडील ज्यांच्या वाड्यापुढें किंवा मळ्यांत परकी झाडें आहेत, त्यांनींही प्रत्येक झाडास नांवाची पाटी लावावी. खर्च पत्र्याच्या तुकड्याचा आहे. पाहुणा रोप मागूं लागला, तर आपण त्यास काय देत आहों हें निदान देणाऱ्यास तरी ठाऊक असलें पाहिजे.